तोडून आणलेले पद

पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध नसलेल्या माणसाच्याही कानावरून ‘नेस्सून दॉर्मा’ कधीतरी गेलेले असते. नाव ठाऊक नसते. पण शेवटी आवाज चढत जातो, एका उंच स्वरावर थांबतो आणि अंगावर काटा येतो, एवढे आठवते. ऑपेरा आवडतो असे सांगणाऱ्या पुष्कळांची आवड या तीन मिनिटांपाशी सुरू होते आणि काहींची तिथेच थांबते. त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. मात्र हे पद कुठून तोडून आणले आणि तोडताना त्याचे काय झाले, हे पाहिले की ऑपेरा आणि ‘क्रॉसओव्हर’ यांतला फरक कळू लागतो. क्रॉसओव्हर म्हणजे ऑपेराच्या वळणाचा गळा घेऊन लोकप्रिय संगीताच्या मंचावर केलेले गायन. दोहोंतला फरक उच्च आणि हलके असा सांगितला जातो. मला तो तसा वाटत नाही.

पद पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’मधले. हे नाव मूळचे फारसी ‘तुरानदुख्त’, तुराणची कन्या. त्यातला ‘दुख्त’ आपल्या ‘दुहिता’चा भाऊबंद. कथा घडते चीनमध्ये. राजकन्या तुरांदोत लग्नाला आलेल्या प्रत्येकाला तीन कोडी घालते. चुकला की शिरच्छेद. कालाफ हा परका राजपुत्र तिन्ही कोडी सोडवतो. तरीही ती लग्नाला तयार नाही, तेव्हा तो उलटा पैज लावतो: पहाटेपर्यंत माझे नाव शोधून काढलेस तर मी मरायला तयार आहे. राजकन्या फर्मान काढते की नाव कळेपर्यंत पेकिंगमध्ये कुणी झोपायचे नाही. नाव कळले नाही तर प्रजेचे प्राण जातील. ‘नेस्सून दॉर्मा’ म्हणजे ‘कुणी झोपायचे नाही’. कालाफ ते फर्मान ऐकतो, तेच शब्द उचलतो आणि पहाटे मी जिंकणार, असे गातो.

मधेच काही क्षण पडद्यामागून बायकांचे गाणे ऐकू येते. त्याचे नाव कुणाला कळणार नाही आणि आपल्याला मात्र मरावे लागणार, असा त्याचा आशय. कालाफच्या विजयाची किंमत कोण मोजणार, हे पुच्चिनीने त्या विजयगीतातच सांगून ठेवले आहे. पुढे लोक कालाफच्या पाया पडतात, त्याला खंजिरांचा धाक घालतात; तो नाव सांगत नाही. अखेर ल्यू ही दासी पकडली जाते. तिचे कालाफवर प्रेम आहे आणि त्याचे नाव तिला ठाऊक आहे. छळ असह्य झाल्यावर ती एका शिपायाचा खंजीर ओढून स्वतःला संपवते. हे सारे ध्यानात ठेवून पद ऐकले तर त्यातल्या तेजाला एक निर्दय कड दिसते. मैफलीत ती दिसत नाही, कारण तिथे पडद्यामागच्या बायका बहुधा नसतातच. त्यांच्या ओळी वाद्यांकडे जातात.

स्वरलिपीतली एक गोष्ट तर गमतीची आहे. ज्या उंच ‘बी’ स्वरासाठी जग हे पद ऐकते, तो पुच्चिनीने अगदी आखूड लिहिला आहे. लांब आहे तो त्याच्या पुढचा, एक पायरी खालचा ‘ए’. ‘बी’वर ठाण मांडायची प्रथा गायकांची. शिवाय मुळात हे पद संपतच नाही. संगीत न थांबता पुढच्या प्रवेशात शिरते. टाळ्यांसाठी जागा ठेवलेली नाही. मैफलीसाठी शेवट वेगळा जोडावा लागतो.

पद वेगळे काढून जगभर पोचवण्याच्या कामात एक मुंबईकर अगदी मध्यभागी उभा आहे. १९७२ साली झुबिन मेहता यांनी लंडनमध्ये ‘तुरांदोत’ संपूर्ण ध्वनिमुद्रित केला. त्यात कालाफ होता लुचियानो पावारोत्ती. त्याच मुद्रणातले हे पद बीबीसीने १९९० च्या इटलीतल्या फुटबॉल विश्वचषकाचे शीर्षकसंगीत म्हणून घेतले आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. ७ जुलै १९९० रोजी, अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, रोममध्ये काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि ल्युकेमियातून उठलेला होसे कारेरास एकत्र गायले. संगीतसंचालन मेहता यांचेच. ‘वन्स मोअर’ला तिघांनी मिळून ‘नेस्सून दॉर्मा’ गायले. मजा आली, यात शंका नाही. पण एका माणसाची हट्टी, एकाकी पैज तिघांनी वाटून घेतली की तिची पैज उरत नाही. ती जुगलबंदी होते.

उघड्या मैदानातल्या त्या मैफलीत मायक्रोफोन होते, आणि खरा फरक इथे सुरू होतो. ऑपेराच्या गायकाला साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त वाद्यांच्या पलीकडे, शेवटच्या बाल्कनीपर्यंत, नुसत्या गळ्याने पोचायचे असते. जोर लावून ते जमत नाही. जोरात वाद्यवृंदच जिंकणार. योहान सुंडबर्ग या स्वीडिश ध्वनिशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात याचा उलगडा केला. वाद्यवृंदाची ऊर्जा साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते आणि वर जावे तशी ओसरते. कसलेला पुरुष गायक स्वरयंत्र खाली ठेवतो, घसा रुंद करतो. मग स्वरयंत्राच्या लगत वरची छोटी नळी स्वतंत्रपणे घुमू लागते आणि ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार येते. तिथे वाद्ये क्षीण असतात आणि माणसाचा कान तीक्ष्ण. गायक वाद्यवृंदाशी झुंजत नाही, त्याने मोकळ्या सोडलेल्या फटीतून निघून जातो. उंच पट्टीत गाणाऱ्या सोप्रानोंची युक्ती निराळी: स्वर चढेल तसा जबडा उघडायचा. म्हणून तिथे सगळे स्वरवर्ण ‘आ’सारखे होतात आणि शब्द कळेनासे होतात. ऑपेरातले शब्द कळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. ती त्या अंतराची पट्टी आहे.

मायक्रोफोन आला की या खटाटोपाची गरज संपते. मग आवाजात श्वास मिसळता येतो, कानाशी कुजबुजता येते. आन्द्रेआ बोचेल्लीच्या आवाजातली जवळीक, ती किंचित रडवेली कोवळीक, हे याच सोयीचे फळ. सारा ब्राइटमनबरोबरचे त्याचे १९९६ चे ‘टाइम टू से गुडबाय’ मला आवडते. (मूळ इटालियन मुखड्याचा अर्थ मात्र ‘तुझ्याबरोबर निघेन’ असा आहे, इंग्रजीत येताना निरोप झाला.) तोच बोचेल्ली ऑपेराच्या रंगमंचावर उभा राहिला तेव्हा आवाज वाद्यवृंदापुढे कमी पडतो, असे समीक्षकांनी लिहिले. दोन्ही अनुभव खरे आहेत. अडचण आपल्या बाजूला आहे: आपल्यापैकी बहुतेकांनी दोघांनाही रेकॉर्डवरच ऐकले आहे, आणि रेकॉर्डवर पावारोत्ती आणि बोचेल्ली यांचे आवाज एकाच आकाराचे असतात. एनसीपीएमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात, तेही मायक्रोफोनमधूनच आलेले. म्हणजे ज्या गुणासाठी तो गळा इतकी वर्षे घडवला, तोच गुण आपल्याला ऐकायला मिळत नाही आणि आपण केवळ गोडव्यावरून आवड ठरवतो. त्या मापाने क्रॉसओव्हर जिंकला तर नवल काय?

बॅलेतही हेच घडते. ‘स्वान लेक’च्या १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगात पिएरिना लेन्यानीने एका पायाच्या टोकावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. ओडील ही मांत्रिकाची मुलगी. राजपुत्राला भुलवून त्याची शपथ मोडायला लावते, तेव्हाच्या या गिरक्या. निवडक नृत्यांच्या कार्यक्रमात प्रेक्षक बत्तीसपर्यंत मोजतात. ओडेटचा घात होतो आहे, हे कुणाच्या गावीही नसते.

आपण मराठी माणसांनी यावर फार बोलू नये. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस बांधले ऑपेरासाठी, पण तिथे बालगंधर्वही गायले. संगीत नाटक हेच मुळात रागदारी आणि रंगभूमी यांचे क्रॉसओव्हर. ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा शुद्धतेची बूज राखणारे होतेच. पदे तोडून मैफलीत आणण्यात तर आपला हात कोण धरणार! ‘एकच प्याला’मधली सिंधूची पदे आज सभागृहात रंगतात, राग ओळखला जातो, तानेला दाद जाते. ती गाणाऱ्या बाईच्या घरात चूल पेटलेली नाही, हे आठवतेच असे नाही. बालगंधर्वांच्या काळीही ‘वन्स मोअर’ सिंधूच्या दुःखाला थांबवून ठेवतच होता. त्या प्रेक्षकांनी निदान ते दुःख समोर पाहिलेले असे.

मेहतांनी १९९८ मध्ये बीजिंगच्या जुन्या राजवाड्याच्या आवारात झांग यिमोच्या दिग्दर्शनाखाली ‘तुरांदोत’ पुन्हा अखंड सादर केला. आज हा ऑपेरा संपतो तो लग्नाच्या जल्लोषात, आणि समूहगान म्हणते ती चाल ‘नेस्सून दॉर्मा’चीच. पण हा शेवट फ्रांको अल्फानोने पुरा केलेला. पुच्चिनीला घशाचा कर्करोग झाला होता. १९२४ च्या नोव्हेंबरात ब्रसेल्समध्ये उपचार चालू असताना तो गेला. ल्यूच्या मृत्यूपर्यंतचे संगीत तेवढे त्याच्या हातून पुरे झाले होते. २५ एप्रिल १९२६ रोजी मिलानच्या ला स्कालात पहिला प्रयोग झाला, तेव्हा तोस्कानिनीने ल्यूचा मृतदेह नेला जातो तिथे छडी खाली ठेवली, आणि पडदा पडला. त्या रात्रीच्या प्रेक्षकांनी कालाफचा विजय पाहिलाच नाही.