विश्लेषण : ४३ हजार फुटांवरची झुंज… विरळ हवेत लढण्यासाठी ‘स्पिटफायर’ कसे बदलले?

२८ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरावर एकच जर्मन विमान आले आणि त्याने एकच बॉम्ब टाकला. वर्दळीच्या ब्रॉड वेअर रस्त्यावर, बसगाड्यांजवळ तो फुटला. ४० हून अधिक जणांचा जीव गेला. विमान मात्र सुखरूप परतले, कारण ते होते त्या उंचीवर ब्रिटनच्या लढाऊ विमानांना पोहोचता येत नव्हते. अवघ्या १५ दिवसांत हे चित्र पालटले. ते कसे?

हे विमान कोणते होते?

‘युंकर्स ८६ आर’. मूळ विमान १९३० च्या दशकातले आणि तोवर जुने झालेले. जर्मन अभियंत्यांनी त्याचे पंख लांबवून सुमारे ३२ मीटर केले, टर्बोचार्जर लावलेली डिझेल इंजिने बसवली आणि दोघांपुरती हवाबंद केबिन दिली. वजन वाचवण्यासाठी बंदुकाही ठेवल्या नाहीत. ४० हजार फुटांच्या वर आपल्याला कोणी गाठणारच नाही, असा हिशेब होता.

एवढ्या उंचीवर अडचण काय?

एव्हरेस्टची उंची २९ हजार फूट. ४० हजार फुटांवर हवेची घनता जमिनीलगतच्या हवेच्या जेमतेम पाव असते. तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास. इंजिनाला इंधन जाळायला हवा कमी पडते. पंखांना उचल कमी मिळते. पंख्याची पाती हवेत नीट ‘पकड’ घेत नाहीत. बंदुका गोठू शकतात. वैमानिकाने नुसता ऑक्सिजन घेतला, तरी बाहेरचा दाब इतका कमी असतो, की तो रक्तात पुरेसा मिसळत नाही. आजच्या प्रवासी विमानांत केबिनमध्ये हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवतात, तो त्याचसाठी.

पहिला उपाय अपुरा का पडला?

ब्रिटनने ‘स्पिटफायर मार्क ६’ आणले. टोकदार लांब पंख, चार पात्यांचा पंखा आणि हवाबंद कॉकपिट. पण कॉकपिटचे झाकण उड्डाणापूर्वी बाहेरून पक्के बसवावे लागे. हवेत ते सरकवता येत नसे, संकटात थेट फेकूनच द्यावे लागे. शिवाय खरी कमतरता इंजिनात होती. सुमारे १०० विमाने बनली, पण ‘युंकर्स’ला गाठण्याइतकी उंची काही मिळाली नाही.

मग फरक कशाने पडला?

‘रोल्स-रॉइस’च्या मर्लिन ६१ इंजिनाने. सुपरचार्जर म्हणजे विरळ हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंप. आधीच्या इंजिनांत ती एकदा दाबली जाई. स्टॅन्ली हूकर यांच्या चमूने ती दोन टप्प्यांत दाबली. दाबलेली हवा तापते आणि तापली की फुगते. म्हणून ती इंजिनात जाण्याआधी थंड करणारा इंटरकूलर जोडला. ३० हजार फुटांवर आधीच्या मर्लिनपेक्षा सुमारे ३०० अश्वशक्ती जास्त मिळू लागली. मुळात ही रचना उंचावरून उडणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानासाठी सुरू झाली होती. ती स्पिटफायरमध्ये बसवली आणि ‘मार्क ९’ तयार झाले.

१२ सप्टेंबरला काय घडले?

ब्रिस्टलनंतर नॉर्थोल्ट तळावर खास तुकडी उभी राहिली. एका ‘मार्क ९’मधून चिलखती पत्रे आणि मशीनगन काढल्या. दोनच तोफा ठेवल्या. १२ सप्टेंबर १९४२ रोजी इमॅन्युएल गॅलिट्झिन यांनी या विमानातून साउदम्प्टनच्या आकाशात ‘युंकर्स’ला गाठले. उंची सुमारे ४३ हजार फूट. त्यांच्या विमानात हवाबंद कॉकपिट नव्हते, होता फक्त ऑक्सिजन मास्क.

पहिल्याच माऱ्यात डावी तोफ अडकली. आता एकट्या उजव्या तोफेतून गोळा सुटला, की धक्क्याने विमान एका बाजूला वळे. विरळ हवेत सावरायला वाव नसल्याने ते खाली घसरे. गॅलिट्झिन पुन्हा वर चढत आणि पुन्हा तेच होई. एक गोळा जर्मन विमानाच्या पंखातून आरपार गेला. तरीही ते निसटले आणि फ्रान्समधील काँ येथे उतरले.

मग या झुंजीचे महत्त्व काय?

विमान पडले नाही, पण जर्मनांचा हिशेब कोलमडला. गाठले जाऊ शकणारे बिनबंदुकीचे विमान पाठवण्यात अर्थ उरला नाही. ‘युंकर्स ८६ आर’चे ब्रिटनवरील हल्ले थांबले.

पुढे हवाबंद कॉकपिट आणि नवे मर्लिन इंजिन एकत्र असलेले ‘मार्क ७’ आले, पण ते १४० च्या आसपासच बनले. बहुतेक लढाया खालच्या उंचीवर होत होत्या. त्यामुळे ‘मार्क ९’चा कमी उंचीसाठीचा ‘एलएफ’ प्रकारच सर्वाधिक बनला आणि त्यातल्या अनेकांचे पंख चपळाईसाठी टोकाला छाटले गेले. उंचीसाठी पंख वाढवा, चपळाईसाठी कापा. दोन्ही एकाच विमानात मिळत नाही, हा हिशेब विमानाच्या आराखड्यात आजही चुकत नाही.