सावली सांगते वेळ

सहल म्हटली की डबा, गाणी आणि खिडकीजवळची जागा आपल्याला आठवते. पण काही ठिकाणी नुसते फिरून आले तर हाती काही लागत नाही. थोडी तयारी करून गेलो, तर मात्र तेथील दगडही बोलू लागतात. राजस्थानातील जयपूर शहरातले जंतरमंतर हे असेच एक ठिकाण आहे.

जंतरमंतर ही एक वेधशाळा आहे. सूर्य, चंद्र, ग्रह आणि तारे यांची आकाशातील स्थाने जेथे मोजतात, त्या जागेला वेधशाळा म्हणतात. ‘जंतर’ हा शब्द ‘यंत्र’ या शब्दावरून आला आहे. जयपूरचे राजे सवाई जयसिंग (१६८८–१७४३) यांनी ही वेधशाळा बांधली. १७३४ च्या सुमारास ती पूर्ण झाली. दिल्ली, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा येथेही त्यांनी वेधशाळा उभारल्या होत्या. त्यांपैकी मथुरेची वेधशाळा आज शिल्लक नाही. २०१० साली युनेस्कोने जयपूरच्या वेधशाळेला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले.

ज्ञान कोठून येते, कोणत्या भाषेतून येते, याचा भेदभाव जयसिंगांनी केला नाही. समरकंदचा राजा उलुगबेग हा पंधराव्या शतकातील मोठा खगोलशास्त्रज्ञ होता. त्याने ताऱ्यांच्या स्थानांचे तक्ते तयार करवले होते. अशा तक्त्यांच्या ग्रंथाला ‘झीज’ म्हणतात. जयसिंगांनी त्या ग्रंथाचा अभ्यास केला. त्यांच्या दरबारातील पंडित जगन्नाथ यांनी टॉलेमीचा ग्रीक ग्रंथ अरबी भाषेतून संस्कृतात आणला. जयसिंगांचे स्वतःचे तक्ते फारसीत लिहिले गेले. दिल्लीचा बादशाह मुहम्मदशाह याच्या नावावरून त्यांना ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ असे नाव मिळाले.

त्या काळी पितळेची लहान यंत्रे वापरत असत. त्यांचे आस झिजत, यंत्रे हलत आणि मोजमाप चुके. शिवाय लहान यंत्रावर बारीक खुणा करायला जागा नसे. म्हणून जयसिंगांनी दगड आणि चुना वापरून प्रचंड यंत्रे बांधली.

त्यांतील सर्वांत मोठे म्हणजे सम्राट यंत्र. हे एक सूर्यघड्याळ आहे. त्याची त्रिकोणी भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे. भिंतीची तिरकी कड जमिनीशी २७ अंशांचा कोन करते, कारण जयपूर सुमारे २७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ही कड आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेली असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दगडी कमानीसारखे वक्र भाग असून त्यांवर वेळेच्या खुणा आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेकडील भागावर पडते आणि दुपारनंतर पूर्वेकडील भागावर. ही सावली एका तासात सुमारे चार मीटर सरकते, म्हणजे एका सेकंदात एक मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त! शांतपणे पाहत राहिलो तर ती सरकताना डोळ्यांना दिसते. खरे तर फिरत असते ती आपली पृथ्वी.

येथे मुले आपल्या मनगटावरचे घड्याळ पाहतात आणि म्हणतात, “हे यंत्र तर मागे आहे!” मग चूक कोणाची? चूक कोणाचीच नाही. आपली घड्याळे भारतीय प्रमाणवेळ दाखवतात. ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे. जयपूर त्याच्या पश्चिमेला, सुमारे ७५.८ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणून जयपूरची सूर्यवेळ सरासरी २७ मिनिटे मागे असते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे तारखेप्रमाणे या फरकात काही मिनिटांची वाढ किंवा घट होते.

ही गोष्ट तुम्हांला घरीही दिसते. नमाजाच्या वेळापत्रकात जवालची वेळ दिलेली असते. एकाच तारखेचे मुंबईचे आणि नागपूरचे वेळापत्रक शेजारी ठेवा. नागपूरचा जवाल सुमारे २५ मिनिटे आधी येतो, कारण नागपूर मुंबईच्या पूर्वेला सव्वासहा अंशांवर आहे. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळही होती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असे आणि १९५५ पर्यंत वापरात होती.

सहलीला जाण्यापूर्वी हे सर्व वर्गात समजून घ्यावे. गावाचे अक्षांश-रेखांश वहीत लिहून घ्यावेत. बरोबर वही, पेन्सिल, टोपी आणि पाण्याची बाटली असावी. एका दिवसात सगळी यंत्रे पाहण्याची घाई करू नये. तीन-चार यंत्रे नीट समजली तरी पुरे. यंत्रांवर चढू नये, भिंतींवर नावे लिहू नयेत. आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये. सावली पाहून सूर्य ओळखावा, हीच तर जयसिंगांची युक्ती आहे.

जयपूरला जाणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण शाळेच्या मैदानावर एक सरळ काठी उभी करता येते. सकाळी पावणेबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा आणि वेळ लिहा. सावली सर्वांत लहान झाली, तीच तुमच्या गावची खरी मध्यान्ह. ती वेळापत्रकातील जवालशी ताडून पाहा. एका काठीने तुमची शाळाही वेधशाळा होईल.

स्वाध्याय
१. जयसिंगांनी दगडी यंत्रे का बांधली?
२. सम्राट यंत्राची तिरकी कड २७ अंशांच्या कोनात का आहे?
३. तुमच्या गावाचा रेखांश शोधा. तेथील सूर्यवेळ प्रमाणवेळेपेक्षा सरासरी किती मिनिटे मागे असते, ते काढा.
४. काठीच्या सावलीचा प्रयोग करून त्याचे वर्णन आठ-दहा ओळींत लिहा.