डब्याची आंघोळ साठ लिटरमध्ये!

रेल्वेचा एक डबा यार्डात पाइप आणि ब्रश घेऊन धुवायला किती पाणी लागतं? रेल्वेच्या हिशेबानं सुमारे 1,500 लिटर. 24 डब्यांची गाडी असेल तर 36,000! स्वयंचलित धुलाई यंत्रात तोच डबा 300 लिटरमध्ये उजळतो. त्यातलंही 80 टक्के पाणी आधीच्या धुण्यातलं, गाळून परत आणलेलं. नवं पाणी फक्त 60 लिटर.

गंमत म्हणजे यंत्र जागचं हलत नाही, हलते ती गाडी. तीही माणसाच्या चालीनं. दोन्ही बाजूंना उभे ब्रश गरगरत असतात आणि दहाएक मिनिटांत अख्खी गाडी चकाचक बाहेर.

वापरलेलं पाणी टाकीत निवळत ठेवलं की माती तळाशी बसते, तेल वर तरंगतं. मधलं पाणी गाळून पुन्हा कामाला! चिखल काढायला ते पुरतं. स्वच्छ पाणी हवं ते शेवटच्या हाताला. तेही क्षारांचं नको, नाहीतर वाळल्यावर काचांवर पांढरे डाग उठतात. पहिल्या हातापासूनच पिण्याचं पाणी ओतणं ही निव्वळ उधळपट्टी.

लंडनच्या वेस्ट हॅम बस आगारात पावसाचं पाणी साठवून बसगाड्या धुतात. आपल्याकडे तर आगारांची छपरं ऐसपैस. हजार चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तरी 10,000 लिटर झाले की!

विमानं त्याहून वरचढ. एमिरेट्सची विमानं 2016 पासून जवळपास कोरडीच धुतली जातात. द्रावण चोळायचं, वाळू द्यायचं, पुसून काढायचं. कंपनी म्हणते, वर्षाला 1 कोटी 10 लाख लिटरहून जास्त पाणी वाचतं.

पण सगळ्यात भारी किस्सा आपल्या लातूरचा. 2016च्या दुष्काळात मिरजेहून पाणी आणणाऱ्या रेल्वेच्या टाकीवाघिणी आधी राजस्थानात, कोट्याच्या कारखान्यात वाफेनं साफ केल्या होत्या. 12 एप्रिलला पहिली गाडी लातुरात पोचली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. तेवढ्या पाण्यात पाइपनं किती डबे धुऊन होतात? जेमतेम 333. म्हणजे 24 डब्यांच्या 14 गाड्यासुद्धा नाहीत!

आगारवाल्यांनो, यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर पाइपाच्या तोंडाला बंद करता येणारी तोटी तरी बसवा. साबण लावताना पाणी चालू ठेवायचं काहीच कारण नाही.