घाटाने वेळीच दिलेला इशारा

गेल्या आठवड्यात एक तरुण शिक्षक दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, यंदा घाटाच्या शर्यतीत नाव घालतोय. फिट असल्याचं सर्टिफिकेट द्या." मी लगेच सही केली नाही. त्यांना समोर बसवून आधी माझीच हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. अंतर २१ किलोमीटरांच्या थोडे वर. शहर सोडले की यवतेश्वरचा घाट लागतो. जाताना चढ, येताना उतार. दिवस पावसाळ्याच्या अखेरचे. डोंगर हिरवा, हवेत गारवा. पन्नाशीत मलाही या शर्यतीची ओढ लागली. दोनदा ती मी पुरी केली. रोज इतरांना "चाला, पळा" सांगणारा डॉक्टर स्वतः पळतो, याचे गावाला कौतुक होते आणि खरे सांगायचे तर मलाही होते.

तिसऱ्या वर्षी घाटाचे पहिले वळण ओलांडले आणि छातीच्या मधोमध जळजळ सुरू झाली. मनात आले, आदल्या रात्री तिखट मिसळ खाल्ली, तिचेच हे पित्त. थोडे चाललो, जळजळ थांबली. पुन्हा पळू लागलो, पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी खालचा जबडाही दुखू लागला. मागून येणारा एक मुलगा म्हणाला, "काका, थांबू नका, थोडंच राहिलंय!" छातीवर क्रमांक, रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवणारे ओळखीचे पेशंट. माघार घेण्याची लाज वाटली. पण श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे छातीतले दुखणे म्हणजे काय, हे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो होतो. रस्त्याच्या कडेला बसलो आणि मदत मागितली.

रुग्णालयात काढलेला पहिला ई.सी.जी. जवळजवळ नॉर्मल होता. येथेच पुष्कळांची फसगत होते. विश्रांतीच्या वेळचा ई.सी.जी. चांगला आला म्हणजे हृदय ठणठणीत आहे, असे नव्हे. अँजिओग्राफीत एक रोहिणी बरीच अरुंद झालेली आढळली. स्टेंट बसवला. मला रक्तदाबाची गोळी चालू होती, वडील हृदयविकाराने गेले होते, आणि कोलेस्टेरॉल तपासून तीन वर्षे झाली होती. माझ्याजागी दुसरा पेशंट असता तर शर्यतीआधी मी त्याला हृदयतज्ज्ञाकडे धाडले असते. स्वतःला मात्र धाडले नाही.

याचा अर्थ डोंगर चढू नये असा मुळीच नाही. नियमित व्यायाम हृदयाचा मित्रच आहे. मात्र पुढील पथ्ये पाळावीत :

- चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी सरावापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.
- सराव निदान तीन-चार महिने करावा. अंतर हळूहळू वाढवावे.
- चढावर सोबत्याशी वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. बोलणे तुटू लागले की चालावे.
- उतारावर दम लागत नाही, पण मांड्यांचे स्नायू ताणाखाली काम करतात आणि गुडघ्यांवर भार येतो. लांब टांगा टाकू नयेत; पावले आखूड ठेवावीत.
- तहान लागेल तसे पाणी प्यावे. नुसते पाणी भराभर ढोसल्यास रक्तातील सोडियम घटून चक्कर, गोंधळ, झटकेही येऊ शकतात.
- पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेऊ नये. शरीरातील पाणी कमी झाले असता ती मूत्रपिंडास अपाय करू शकते.
- ताप किंवा जुलाब असल्यास शर्यत सोडून द्यावी.

छाती, जबडा, खांदा किंवा डावा हात दुखणे, नेहमीपेक्षा फार धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही झाले तर तत्काळ थांबावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रिया व मधुमेही यांच्यात छाती न दुखताही हृदयविकार असू शकतो, हे विसरू नये.

शिक्षकमहाशयांचा रक्तदाब १५६/९८ निघाला. त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. थोडे हिरमुसले, पण तपासण्यांची चिठ्ठी घेऊन गेले.

मी अलीकडे हृदयतज्ज्ञांच्या परवानगीने रविवारी पहाटे सौभाग्यवतींसह यवतेश्वरपर्यंत चालत जातो. पहिल्या वळणावर ती हटकून विचारते, "बोलता येतंय ना?" येतंय म्हटले की आम्ही पुढे निघतो.