निविदा उघडल्या, हिशेब केव्हा?

सरकारी खरेदी जनतेच्या पैशाने होते. मग तिचा हिशेब जनतेपासून झाकलेला का असावा? तमिळनाडूने १९९८ मध्ये व कर्नाटकाने १९९९ मध्ये यासाठी कायदे केले. केंद्राने मात्र २०१२ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक २०१४ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच बारगळले. निविदा संगणकावर आल्या, हे इष्टच झाले. परंतु लबाडी पुष्कळदा अटींतच दडलेली असते आणि कंत्राट दिल्यावर वाढीव कामाच्या मिषाने पुन्हा डोके वर काढते. म्हणून आम्ही म्हणतो, अटी कोणी ठरविल्या, इतरांच्या निविदा का नाकारल्या आणि माल प्रत्यक्षात किती व कसा आला, हे प्रसिद्ध करण्याचे बंधन कायद्यानेच घालावे. खजिन्याच्या मालकाने हिशेब मागावा, यात आगळीक कसली?