माशी कुठे शिंकली?

घरातली मुकी माणसं : लेखांक ९

ठरलेलं काम अडलं की आपण विचारतो, "कुठे माशी शिंकली?" माशी बिचारी कधीच शिंकत नाही. ससा शिंकतो. गेल्या श्रावणात रत्नागिरीजवळच्या भाट्याला आमचा चव शिंकू लागला, तेव्हा हा प्रश्न आम्ही शब्दशः विचारत बसलो होतो.

चव म्हणजे ससा. खोवलेल्या ओल्या नारळासारखा पांढरा, म्हणून भाचीने ठेवलेलं नाव. त्याची शिंक दणकून येत नसे. सादळलेली काडी पेटीवर घासावी तसा बारीक 'फस्स', लागोपाठ चार-पाच वेळा, आणि मग पुढच्या दोन्ही पायांनी घाईघाईने तोंड पुसणं. पहिल्या दिवशी आम्हाला गंमत वाटली. चौथ्या दिवशी शेजारच्या काकी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अगो, वारं लागलंय त्याला. ओव्याची धुरी दे, सुटेल." धुरी दिली नाही, हे आमचं नशीब. का, ते पुढे कळेल.

सशाची शिंक हसण्यावारी का नेऊ नये? नाक चोंदलं तर आपण तोंडाने श्वास घेतो. सशाला ही सोय नाही. त्याच्या घशाची ठेवणच अशी, की श्वासाची वाट जवळजवळ नाकापुरतीच उरते. तोंड उघडून धापा टाकणारा ससा दिसला, तर त्याला तसाच उचलून दवाखाना गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही. निरोगी ससा मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतो. ही सगळी ये-जा दोन चिमुकल्या भोकांतून होते.

या नाकाच्या अगदी शेजारी दात राहतात. मागच्या लेखांकात आपण पाहिलं, की सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलीमीटर. वरच्या दातांची मुळं नाकाच्या पोकळीला लागून असतात आणि डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी बारीक नळीही त्यांच्याच बाजूने जाते. गवत कमी आणि मऊ खाणं जास्त झालं, तर दात झिजत नाहीत, मुळं उलटी आत रेटली जातात आणि नळी दबते. मग एक डोळा पाझरतो, एका नाकपुडीतून स्राव येतो. म्हणून शिंकणाऱ्या सशाचं पहिलं निरीक्षण हेच, की स्राव एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला असेल तर दात, गळू किंवा नाकात अडकलेली गवताची काडी यांवर आधी संशय घ्यावा.

दुसरं निरीक्षण पुढच्या पायांचं. ससा रुमाल वापरत नाही, पाय वापरतो. पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून त्यांच्या कडक वाती झाल्या असतील, तर नाक बरेच दिवस वाहतंय, मग तोंड कितीही स्वच्छ दिसो. तिसरं, स्रावाचा रंग. पाण्यासारखा असेल तर धूळ-धुराकडे बोट जातं. पांढरा-पिवळा आणि घट्ट असेल तर जंतूंकडे.

जंतूंमधला मोठा संशयित पाश्चुरेला मल्टोसिडा. लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर जे गाजलेलं काम केलं, तो कॉलरा याच जंतूचा. त्याचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. गोम अशी, की धडधाकट दिसणाऱ्या अनेक सशांच्या नाकात तो मुकाट राहतो. नाकाचं अस्तर शाबूत असेपर्यंत त्याचं काही चालत नाही. ते सोललं गेलं, की त्याला दार उघडं. त्यामुळे 'जंतू की धूळ?' हा प्रश्नच अनेकदा चुकीचा ठरतो. धूळ किंवा वाफ कडी काढते आणि जंतू आत शिरतो.

आम्ही भाचीच्या जुन्या वहीत नोंदी सुरू केल्या : वेळ, शिंका किती, त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं. तीन दिवसांत पहिला चोर सापडला. चवाचा पिंजरा मागच्या पडवीत, न्हाणीघराच्या भिंतीला. सकाळी सहाला न्हाणीचं पाणी तापवायला चुलीत नारळाची सोडणं घातली जातात. पावसाळ्यात ती दमट असतात, जळतात कमी आणि धुमसतात जास्त. सहा ते सात या तासातल्या नोंदींनी वहीचं पान भरलं होतं. पिंजरा पुढच्या ओटीवर आणला. संध्याकाळची उदबत्ती आणि डासांची कॉइलही त्याच्यापासून लांब गेली. शिंका निम्म्यावर आल्या. पण निम्म्या राहिल्याच, आणि त्या रात्री जास्त होत्या. रात्री चूल पेटत नाही.

मग भाट्याच्या पुलावरून खाडी ओलांडून रत्नागिरीत पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, स्वच्छ होती. दात पाहिले, ठीक होते. दोन्ही नाकपुड्या जेमतेम ओलसर, पायांचे केस मोकळे. मी पर्समधून एक बाटली काढून दाखवली. भाचीच्या घशासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं उरलेलं सिरप होतं. "थोडंसं देऊन पाहू का?" डॉक्टरांनी बाटली माझ्या हातून काढूनच घेतली. सशाचं पोट म्हणजे उपकारक जंतूंनी चालवलेला कारखाना. पेनिसिलीनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली, की ते जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा काही दिवसांत दगावू शकतो. त्याला ओकारीही काढता येत नाही. सशाला चालणारी अँटिबायोटिक्स वेगळी असतात आणि ती डॉक्टरच देतात.

मग त्यांनी विचारलं, "खाली काय अंथरता?"

"काथ्याचा भुसा."

भाट्यात दुसरं काय अंथरणार? इथल्या नारळ संशोधन केंद्राला सत्तर वर्षं होऊन गेली. ते १९५५ चं. दारोदारी माड आहेत. काथ्या काढल्यावर उरणारा तपकिरी भुसा स्वस्त, मऊ आणि ओल शोषण्यात पटाईत असतो. त्यामुळे वर हात फिरवला की कोरडाच लागतो.

"हात नको," डॉक्टर म्हणाले, "नाक लावून बघा. तो जिथे झोपतो तिथे."

घरी आल्यावर गुडघे टेकले आणि पिंजऱ्यात डोकं घातलं. उभं असताना कसलाच वास नव्हता. भुशापासून चार बोटांवर मात्र डोळे चुरचुरले आणि घशात झणका बसला. मुतारीत येतो तोच, अमोनियाचा.

भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो, तसं मूतही धरून ठेवतो. श्रावणातल्या हवेत ते वाळत नाही. जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि नाकातले जे सूक्ष्म केस धूळ व जंतू बाहेर लोटतात, त्यांनाच अमोनिया बधिर करतो. वरचा कोरडा थर उकरला की बारीक धूळ उडते, ती वेगळीच. ससा उकरतो रात्री आणि पहाटे. वहीतल्या रात्रीच्या शिंकांचं उत्तर मिळालं.

इथे सशाचं मूळ गाव आठवावं. आपल्या सुरूबनात क्वचित उडी मारून जाणारा रानससा वेगळा. तो बीळ करत नाही, आणि त्याला पकडून पाळणं कायद्याने गुन्हा आहे. पाळीव ससा स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशांचा वंशज. ते ससे विधीला बिळाबाहेर, ठरलेल्या जागी जातात. आम्ही चवाला त्याच्याच शौचालयात झोपवत होतो.

सगळा भुसा काढला. तळ पाणी घातलेल्या व्हिनेगरने घासला. लघवीतल्या चुन्याचे पांढरे थर त्यानेच सुटतात. खाली वर्तमानपत्र, वर झटकून घेतलेलं कोरडं गवत, आणि चवाने स्वतःच निवडलेल्या कोपऱ्यात एक ट्रे. कागद रोज संध्याकाळी बदलायचा. आठव्या दिवशी वहीत दोनच नोंदी होत्या, आणि दोन्ही मी गवत त्याच्याशेजारीच झटकलं तेव्हाच्या.

सगळ्याच गोष्टी इतक्या सरळ सुटत नाहीत. स्राव घट्ट झाला, श्वासाला आवाज येऊ लागला, किंवा सशाने अर्धा दिवस तोंडात काही घेतलं नाही, तर वही मिटून दवाखाना गाठा. पण तिथेही वही सोबत न्या. "शिंकतोय" एवढ्या शब्दावर डॉक्टरांना फार काही कळत नाही. केव्हा, कुठे, कोणत्या बाजूने, हे सांगितलं की निम्मा तपास झालेला असतो.

परवा काकींनी विचारलं, "सुटल्या ना शिंका? धुरी दिलीस ना?" माडाच्या आळ्यात टाकायला ठेवलेलं जुन्या भुशाचं पोतं पायरीशीच होतं. "हे काय ठेवलंयस?" म्हणत त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि आत वाकून पाहिलं.

काकी लागोपाठ तीनदा शिंकल्या.

(पुढील आठवड्यात : ससा स्वतःच्या लेंड्या का खातो?)