कार्यपद्धतीचे धोरण कसे बनते?

सर्व्हरवरील बदलाला कोणाची मंजुरी लागते, पॅच कधी बसवायचा, हे कार्यपद्धतीच्या दस्तऐवजात लिहिलेले असते. त्यातील प्रत्येक पायरीची अट आणि कृती संगणकाला वाचता येईल अशा नियमात मांडली की धोरण तयार होते. निर्णय घेणारा घटक आलेली विनंती नियमांशी ताडून पाहतो. अंमलबजावणी करणारा घटक तिला वाट देतो किंवा अडवतो.

अशा धोरणांवर चालणारी साधने आहेत. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लोत सुरू केलेले सीएफइंजिन हे साधन यंत्राची सद्यस्थिती धोरणातील अपेक्षित स्थितीशी पडताळते आणि फरक आढळल्यास दुरुस्त करते. ओपन पॉलिसी एजंट या निर्णय घेणाऱ्या साधनात नियम रेगो नावाच्या भाषेत लिहितात. हे नियम गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवून आधी तपासता येतात आणि प्रत्येक निर्णयाची नोंदही ठेवता येते.